मोरीतला बोळा

काही वस्तू एकदम बिघडतात, काही हळूहळू. मला विचाराल तर एकदम बिघडणाऱ्या बऱ्या. पंखा बंद पडला की पडला. त्यात मतभेदाला जागा नाही. बेसिन तसं वागत नाही. ते आधी नुसतं विचारात पडतं. पाणी जातं, पण जाऊ की नको असं करत जातं. आपण म्हणतो, हवा कोंडली असेल. आठ दिवसांनी पाणी जायला दोन मिनिटं लागतात, पंधरा दिवसांनी चार. आणि मग एका सकाळी आपण दाढीला उभे राहावं, तर कन्येच्या टूथपेस्टचा फेस बेसिनमध्ये आपली वाट पाहत बसलेला असतो.

आम्ही डोंबिवलीकर. सकाळी आमचा मिनिटांचा हिशेब पैशांच्या हिशेबापेक्षा कडक. चार मिनिटं म्हणजे एक लोकल, आणि एक लोकल चुकली की पुढचीत चौथी सीट तर सोडाच, दारातला दांडासुद्धा हाताला लागत नाही. तेव्हा पहिला प्रश्न तात्त्विक वगैरे मुळीच नव्हता. पहिला प्रश्न होता : बेसिन तुंबवलं कोणी?

माझं मत तयार होतं. घरात माणसं तीन, त्यांतल्या दोघींचे केस लांब. माझ्या डोक्यावरचं पीक आता असं आहे, की त्याचा बोळा व्हायला दोन पंचवार्षिक योजना लागतील. मी न्यायाधीशाच्या आवाजात दोघींना बोलावलं.

"अहो, मी गॅलरीत विंचरते," ही म्हणाली. "आणि गुंतवळ कागदात बांधून टाकते. तीस वर्षं बघताय ना?"

मी तीस वर्षांत हे कधी पाहिलेलं नव्हतं. पण तसं म्हणणं म्हणजे दुसरा खटला अंगावर घेणं. कन्या म्हणाली, "बाबा, माझे केस जमिनीवर पडतात. त्यावरून तुम्ही वेगळं ओरडता." हा मुद्दा बिनतोड होता. न्यायालय तहकूब झालं.

मग उपाय सुरू झाले. मेव्हणीने सांगितलं, खायचा सोडा घालून वर व्हिनेगर ओता. ओतलं. काय तो फेस उसळला! आम्ही तिघंही भक्तिभावाने पाहत राहिलो. फेस बसला आणि पाणी होतं तिथेच होतं. नंतर कन्येने, ती रसायनशास्त्रवाली आहे, कारण सांगितलं : सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं भेटले की एकमेकांना निकामी करतात, थोडा वायू सोडतात आणि मागे निरुपद्रवी खारट पाणी उरतं. केस हे केराटिनचे, नखांच्या जातीचे. व्हिनेगरला ते भीक घालत नाहीत. फेस भरपूर आणि काम शून्य. अशा सभा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. काहींचा अध्यक्षही होतो.

खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, सरळ ॲसिड ओता. हिने नको म्हटलं. पाइप प्लास्टिकचा आहे आणि डोळे तुमचे आहेत, असं म्हणाली. शिवाय घरातल्या ब्लीचिंगशी ॲसिडची गाठ पडली तर क्लोरीन सुटतो. डोंबिवलीत राहून वायूंचे प्रयोग घरी करायचे म्हणजे शेगावात जाऊन खासगी कचोरी तळण्यासारखं आहे. एमआयडीसीने आमची नाकं पदवीधर करून सोडलेली आहेत. २०१४ च्या जानेवारीत तर आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता!

उरला तो बेसिनखालचा ट्रॅप. तुमच्याही बेसिनखाली असेल, वाकून पाहा. बाटलीसारखं भांडं असतं, नाहीतर पाइपच वळण घेऊन खाली जाऊन पुन्हा वर येतो. त्या वाकणात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि ते पाणीच दरवानासारखं काम करतं. खालच्या गटाराचा वास वर येत नाही तो त्याच्यामुळे. ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने काढली. १७७५ साली लंडनमध्ये त्याने शौचकूपासाठी असल्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. आदल्याच डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता आणि आमचे राघोबादादा सुरतेच्या तहाच्या खटपटीत होते. म्हणजे आम्ही साहेबाला आत घेण्याच्या गडबडीत होतो, तेव्हा तिकडे साहेब नको ते बाहेर ठेवण्याची सोय करत होता. असो. इतिहासाने बेसिन मोकळं होत नाही.

हा ट्रॅप हाताने फिरवला तर उघडतो. खाली बादली ठेवायची, आटे सैल करायचे, आतलं काढायचं, धुवायचं, पुन्हा बसवायचं. पान्याचीसुद्धा गरज नाही. मी बादली ठेवली. गुडघ्यावर बसलो. हात पुढे केला आणि हात थांबला.

किळस आली, दुसरं काही नाही.

आता गंमत पाहा. त्या भांड्यात जे काही होतं ते सगळं माझ्या घरचं. माझ्या गालावरचा साबण, माझ्या दातांवरून गेलेलं पाणी, माझ्या लेकीचे केस. जे केस काल विंचरताना आईला जिवापेक्षा प्यारे, ते जाळीतून वीतभर खाली गेले की घाण! ही जाळी म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमाच दिसते. वर असेपर्यंत माझं, खाली गेलं की कोणाचं? माझं नाही एवढं नक्की. मग माझं नसलेलं मी का काढू? आणि मी नाही, तर कोणी?

अशा वेळी नको ती माणसं आठवतात. मला अप्पासाहेब पटवर्धन आठवले. 'कोकणचे गांधी' म्हणत त्यांना. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि त्यांनी मागणी काय करावी? तर भंगीकाम करू द्या! सवर्ण कैद्याला ते काम द्यायचं नाही, असा तुरुंगाचा दंडक. अप्पासाहेबांनी अन्न तोडलं. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपवास केला आणि सरकारला नमावं लागलं. बाहेर आल्यावर पुढे कणकवलीला गोपुरीत या माणसाने संडास आणि मैलाखत यांवर आयुष्याची वर्षंच्या वर्षं घातली. म्हणजे एक गृहस्थ दुसऱ्याची घाण काढण्याचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहतो, आणि इथे मी स्वतःची काढायला लागू नये म्हणून नाश्ता लांबवतोय. मी उठलो, हात धुतले (नुसते पुढे केले होते, तरी धुतले) आणि प्लंबरला फोन केला.

प्लंबर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. ओडिशाचा, केंद्रापाडा जिल्ह्यातला. तिथली माणसं देशभर नळकाम करतात, हे मला त्याच्याकडून कळलं. माझं हिंदी डोंबिवलीच्या बाहेर फारसं चालत नाही.

"हमारा बेसिन तुंब्या है," मी म्हणालो.

"जाम है," त्याने भाषांतर केलं आणि खाली बसला.

त्याने बादली घेतली, भांडं फिरवलं आणि उघडा हात आत घातला. मोज्यांचं नाव नाही. मी दोन पावलं मागे सरकलो होतो, हे मला नंतर लक्षात आलं. बोटांना गुंडाळून त्याने एक काळाकुट्ट, लिबलिबीत बोळा बाहेर काढला आणि उजेडात धरला. आमच्या घरच्या दोन्ही आरोपी पुढे झाल्या.

"लंबा बाल नहीं है," तो म्हणाला. "ये सब छोटा है. और ये काला काला... डाय लगाता है कोई?"

शांतता पसरली. दर दुसऱ्या रविवारी मी मिशीला आणि कानावरच्या केसांना कलप लावतो, आणि ब्रश कुठे धुतो हे घरात सर्वांना माहीत आहे. दोघींपैकी कोणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण खरी गोष्ट यापुढची आहे आणि ती सांगताना मला विनोद सुचत नाही. त्याने ट्रॅप बसवला, उठला आणि हात धुवायला बेसिनकडे वळला. माझ्या तोंडून निघून गेलं, "उधर गॅलरी में नळ है."

अगदी सहज निघालं. आवाजही चढा नव्हता. माझ्याच मिशीचा कलप त्याच्या हाताला लागलेला, माझंच बेसिन, त्यानेच मोकळं केलेलं, आणि त्याने हात मात्र बाहेर धुवायचे! गावी आमच्या आजीची मागल्या दारची बादली वेगळी असायची आणि मी तावातावाने तिच्याशी भांडायचो. ती बादली मी बरोबर तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवली होती.

तो बिचारा हसला. "साहब, यहीं धोता हूँ ना. पानी जाता है कि नहीं, वो भी दिखेगा." त्याने नळ सोडला, साबण लावला. पाणी भोवरा करत सर्रकन गेलं. बारा मिनिटं, तीनशे रुपये. हिने त्याला चहा दिला. आमच्याच कपातून, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, आणि मुद्दाम सांगावंसं वाटतं याचीही लाज वाटते.

तीनशे रुपये दिले म्हणजे फिटलं का? व्यवहाराने फिटलं. त्याची तक्रार नव्हती. त्याचा तो धंदा आहे, आणि घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्याला तत्त्वज्ञान करणाऱ्यापेक्षा केव्हाही प्यारं. तरी पैसे देताना मी नक्की काय विकत घेतलं, हे मला सांगता येईना. त्याचं कसब घेतलं म्हणावं, तर कसब लागतच नव्हतं. मी माझी किळस त्याच्याकडे तीनशे रुपयांना ठेवायला दिली.

नेमकी त्याच रविवारी सोसायटीची सभा होती. विषय, सेप्टिक टँकची सफाई. दोन कोटेशनं आली होती. एकात गाडी येणार, पाइप टाकून मशीनने ओढणार. दुसऱ्यात 'आदमी उतरेगा', आणि ते बरंच स्वस्त. मागच्या वेळी आम्ही स्वस्तातलं घेतलं होतं. माझा हात वर होता; इतिवृत्तात आहे. म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा! खाली बसून स्वतःचा बोळा काढायला मला किळस आली, आणि कोणाला टाकीत उतरवायला हात चटकन वर झाला.

मी उठून बोललो. म्हटलं, असं माणूस उतरवायला बंदी आहे. १९९३ चा कायदा होता, २०१३ चा त्याहून कडक आहे. २०१९ च्या मे महिन्यात इथे ठाण्यात, ढोकाळीला, एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार गुदमरून गेले. टाकीतला वायू दिसत नाही आणि माणसाला ओरडायलाही सवड देत नाही.

खजिनदार म्हणाले, "सगळं खरं. पण घरटी दोनशे जास्त पडतील."

कोणीतरी मागून म्हणालं, "साहेबांचं बेसिन मोकळं झालेलं दिसतंय." हशा झाला. मीही हसलो. पाठिंबा द्यायला खालचे काका उभे राहिले, तेच ॲसिडवाले. त्यांना त्या मशीनची गाडी बघायची होती, असा माझा कयास आहे. पण हात तो हात. ठराव दोन मतांनी पास झाला.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं सिंक विचारात पडलं. या वेळी मी स्वतः बसलो. नाकाला रुमाल बांधला, ट्रॅप उघडला, आतलं काढलं. तेलकट भात होता. किळस आली, पण माणूस किळसेने मरत नाही एवढं कळलं. भांडं परत बसवलं आणि ते ठिबकायला लागलं. कितीही आवळलं तरी ठिबकेच. शेवटी फोन उचलला. त्या पोराचा नंबर मी 'बेसिनवाला' म्हणून घालून ठेवला होता. चहा पिऊन गेला, तरी नाव विचारायचं सुचलं नव्हतं. ओशाळून म्हटलं, "मैं डोंबिवली से, तिसरा माळा... आप का नाम मैंने पूछा नहीं उस दिन..."

तिकडून आनंदाने आवाज आला, "हाँ हाँ साहब, बोलिए! नाम तो मैंने भी नहीं पूछा. आपका नंबर सेव है मेरे पास. 'काला मूँछ' करके."