हेल्प लिहिताना

स्क्रिप्ट कशी वापरायची ते स्क्रिप्टमध्येच लिहायला वेळ मिळाला नाही, हे कारण आता माझं मलाच पटत नाही. पायथनमध्ये २०१० च्या २.७ आवृत्तीपासून आर्गपार्स हे मॉड्यूल आहे. ते वापरलं की कमांडपुढे दोन आडव्या रेघा आणि हेल्प एवढं टाइप करणाऱ्याला पर्यायांची यादी आयती मिळते. शेल स्क्रिप्टला छोटंसं फंक्शन पुरतं.

मग घोडं अडतं कुठे? खरं सांगायचं तर लोकांनी मला विचारायला यावं, हे मला आवडतं. बॅकअपच्या स्क्रिप्टला आधी कोणता फोल्डर द्यायचा, असं विचारत कुणी टेबलाशी आलं की मी वैतागल्यासारखं करतो आणि आतून सुखावतो. माहिती फाइलीत उतरली की तेवढा मान गेला.

ग्नू प्रकल्पाच्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या नियमांत एक बारकावा आहे. हेल्प मागितली तर ती स्टँडर्ड आउटपुटवर छापायची आणि प्रोग्रॅम यशस्वी ठरवून थांबवायचा, म्हणजे एक्झिट कोड शून्य. चुकीचा पर्याय दिला तर गोष्ट वेगळी. आर्गपार्स तिथे स्टँडर्ड एररवर लिहितं आणि एक्झिट कोड २ देतं. विचारणारा वेगळा, चुकणारा वेगळा. माझ्या शेल स्क्रिप्टमध्ये मात्र दोघांना एकच फंक्शन आणि शेवटी एक्झिट १. आळस म्हणून हे सोडून देता येईल. पण टेबलाशी येणाऱ्या नव्या पोरांनाही मी याच मापाने मोजतो का? ‘एवढंही माहीत नाही?’ असं मी बोलत नाही, भुवया बोलतात.

आणि लिहितो तेव्हा तरी सगळं लिहितो का? केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये (नोव्हेंबर १९७१) कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ असा मथळा असे. आपल्याच प्रोग्रॅमची खोट आपल्याच हाताने नोंदवलेली! माझ्या हेल्पमध्ये ओळ आहे, ‘जुन्या फाइलींची साफसफाई करते.’ न विचारता कायमच्या पुसते, हे त्यात नाही. फाइलीच्या नावात स्पेस असली की स्क्रिप्ट त्या नावाचे तुकडे करते, हेही नाही. ते लिहिलं तर कुणीतरी विचारणारच, मग दुरुस्त का करत नाही? व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं घालण्याएवढं तर काम आहे.

उत्तर तयार आहे, फक्त मोठ्याने म्हणवत नाही: माझ्या फाइलींच्या नावांत स्पेस नसते.