मीठ कोणाचे?

खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण आपणा मराठी माणसांना बाळकडूबरोबरच मिळालेली असते. ती खरी आहे की खोटी, हा विचार करण्याचा प्रसंग बहुतेकांवर येत नाही. कारण जो मीठ देतो तो धनी आणि जो खातो तो चाकर, हे नाते गृहीत धरूनच आपण ते वाक्य उच्चारतो. परंतु बदलीच्या नोकरीत ज्याचे निम्मे आयुष्य परमुलखात गेले, त्याला एक दिवस हेच वाक्य अडविते. मीठ कोणाचे? आपला पगार दिल्लीहून ठरतो. गोडा मसाला पुण्याहून येतो, कोकम रत्नागिरीहून येते, लोणच्याची बरणी सुटीवरून परतताना मांडीवर घेऊन आणलेली असते. ताटातला भात तेवढा रायपूरचा असतो. आणि त्याचा आपण विचार करीत नाही, कारण तो आपण विकत घेतलेला असतो.

ज्या भूमीत आपण केवळ नेमणुकीने आलो, तिच्या अन्नाशी आपले काही नैतिक नाते असते काय? की अन्न हा निव्वळ जिभेचा विषय आहे, आणि त्यात नीती शोधणे हा रिकामपणचा उद्योग? प्रश्न क्षुल्लक दिसतो. मलाही तो बरीच वर्षे क्षुल्लकच वाटत होता.

मी रायपूरला प्रथम आलो तो 2004 साली. राज्य नवे होते. 1 नोव्हेंबर 2000 रोजी ते अस्तित्वात आले होते आणि कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही अजून ओला होता. त्या मे महिन्यात महासमुंदच्या बाजूला दौऱ्यावर असताना दुपारी जीप बंद पडली. बरोबरच्या शिपायाचे गाव कोसभरावर होते. दुरुस्ती होईपर्यंत त्याने मला आपल्या घरी नेले. ओसरीवर खाटेवर बसविले. थोड्या वेळाने त्याची म्हातारी आई एक काशाचे भांडे घेऊन बाहेर आली. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेले होते. वर मिठाचे चार खडे, बाजूला चिरलेला कांदा आणि हिरवी मिरची. "बासी खाहू, साहेब?" तिने विचारले.

मी म्हणालो, "नको, दाई, पोट भरले आहे." पोट भरलेले नव्हते. म्हातारी आत गेल्यावर मी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. तो तिने पाहिला की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

त्या रात्री विश्रामगृहात मी स्वतःची समजूत घातली. हाताखालच्या माणसाच्या घरी पाहुणचार घेणे अधिकाऱ्याला शोभत नाही. शिवाय आपल्या वर्तणुकीचे नियम आहेत. पुढे केव्हातरी 1964 चे ते नियम पुन्हा उघडून वाचले, तेव्हा माझी ही पळवाटही बंद झाली. डोळे दिपविणारा आणि वारंवार होणारा पाहुणचार टाळावा, असे ते सांगतात. पण प्रसंगाने घडलेले साधे जेवण ही भेट समजू नये, हेही तेथेच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे सरकारलासुद्धा त्या भांड्याबद्दल हरकत नव्हती. हरकत माझी होती. शिळा भात आपल्या घरी कोणास देतात, हे मला लहानपणापासून माहीत होते, आणि त्या माहितीने माझा हात मागे ओढला होता.

मी पुन्हा रायपूरला आलो तो 2015 साली. मधल्या काळात जग बदलले होते. 1875 साली राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या दानातून येथे जे वस्तुसंग्रहालय उभे राहिले, त्याच्या आवारात 2016 साली 'गढकलेवा' नावाचे उपाहारगृह सुरू झाले. बायकांच्या बचतगटाने रांधलेले छत्तीसगढी पदार्थ तेथे मिळू लागले : चिला, फरा, ठेठरी, खुरमी, अइरसा. पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून तेथे नेऊ लागलो. चिला हाती आला की कोणीतरी म्हणे, "अरे, हे तर आपले धिरडे!" अइरशात अनारसा सापडे. निखाऱ्यावर पानांत भाजलेली अंगाकर रोटी पाहून विदर्भातल्या एका बाईंना आपले पानगे आठवले. बस्तरमध्ये नाचणीच्या पातळ आंबिलीसारख्या पेयाला 'पेज' म्हणतात हे ऐकून मालवणचे एक गृहस्थ इतके हरखले की, आपलेच कोणी हरवलेले नातलग भेटावे. मला या साऱ्याचा आनंद होई; आणि खोटे कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटे, की मी या मुलखाचा रसिक झालो आहे.

मग 2022 सालचा 1 मे उजाडला. त्या वर्षी मुख्यमंत्र्यांनी श्रमिकांच्या सन्मानार्थ सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले होते. मंत्र्यांनी खाल्ली, अधिकाऱ्यांनी खाल्ली, आणि खाताना छायाचित्रे काढून घेतली. आमच्या मंडळींनीही चकचकीत काशाची भांडी आणविली. मी दोन घास खाल्ले. उन्हाळ्यात ते अन्न खरोखरच गार आणि सुखद लागते. कचेरीतला एक तरुण शिपाई दाराशी उभा होता. मी म्हणालो, "तूही ये, खा." तो संकोचून हसला आणि म्हणाला, "हमन तो रोज खाथन, साहेब."

त्याच्या बोलण्यात उपरोध मुळीच नव्हता. त्यामुळेच ते वाक्य मला लागले. अठरा वर्षांपूर्वीची ओसरी डोळ्यांपुढे उभी राहिली. जे अन्न देणाऱ्याच्या हातून मी नाकारले होते, तेच आता देणारा कोणी नसताना मी स्वीकारले होते. पदार्थ एकच, पण पहिल्या वेळी तो स्वीकारला असता तर मी कोणाचा तरी पाहुणा झालो असतो. दुसऱ्या वेळी मी केवळ एका पदार्थाचा जाणकार झालो.

चव घेणे आणि अन्न खाणे या दोन भिन्न क्रिया आहेत, असे मला तेव्हापासून वाटू लागले. चव घेणाऱ्याला निवड असते. आज चाखले, उद्या नाही. अन्न खाणाऱ्याला पुष्कळदा निवड नसते. हा भेद किती गंभीर असू शकतो, हे या मुलखातील तिवऱ्याने दाखविले आहे. भाताच्या ओलीवर वाढणारे हे कडधान्य. भंडाऱ्याकडचे लोक त्याला लाखोळी म्हणतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी रुचकर लागते, आणि डाळ अधूनमधून खाल्ल्याने काही बिघडत नाही. परंतु दुष्काळात दुसरे काहीच न मिळाल्यामुळे जो महिनोन् महिने त्याच डाळीवर राहतो, त्याचे पाय लुळे पडतात, आणि ते बहुधा पुन्हा सुधारत नाहीत. कंपनी सरकारचा अधिकारी स्लीमन याने 1844 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सागरकडील अशा माणसांची हकिगत लिहून ठेवली आहे. 1829 नंतर गहू बुडाला तेव्हा त्यांना ही डाळ खाऊन राहावे लागले होते. रसिकाच्या पानातली कौतुकाची वस्तू आणि दरिद्र्याला पांगळे करणारी वस्तू एकच असू शकते. तेव्हा 'मी तुमचे अन्न आवडीने खातो' एवढ्याने, ज्याला तेच खावे लागते त्याच्याशी माझे नाते जुळले, असे कसे म्हणता येईल?

आता मिठाकडे येऊ. या प्रदेशाला समुद्र नाही. नागपूरकर भोसल्यांची स्वारी 1741 साली इकडे आली आणि 1854 साली इंग्रजांनी राज्य खालसा करीपर्यंत येथे त्यांचा अंमल चालला. त्या काळी ओरिसाच्या किनाऱ्यावरचे मीठ बंजाऱ्यांच्या बैलांवरून येथे येई आणि येथले धान्य बाहेर जाई. बस्तरच्या रानात तर मीठ इतके दुर्मिळ होते की, व्यापारी आदिवासींना मीठ देत आणि तेवढ्याच वजनाची चिरौंजी उचलून नेत, असे जुनी माणसे अजून सांगतात. चिरौंजी म्हणजे आपली चारोळी. श्रीखंडावर, बासुंदीवर आपण जी हौसेने पेरतो, ती.

हे प्रथम कळले तेव्हा मला जुनी म्हण उलटी झाल्यासारखी वाटली. मीठ देणारा तो उपकारकर्ता, हे म्हणीने गृहीत धरले आहे. येथे मीठ देणारानेच लुबाडले होते. त्या मिठाला आदिवासीने जागावे काय? आणि ज्या चारोळीने आमच्या सणावारांची पक्वान्ने शोभिवंत झाली, तिला जागण्याचे कर्तव्य कोणाचे? म्हण चाकराला उपदेश करते. धन्याला काही विचारीत नाही. परमुलखात अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्या आपणासारख्यांनी ती उलट्या बाजूने वाचून पाहण्याजोगी आहे.

यावर एक सरळ आक्षेप आहे, आणि तो मी हलका मानीत नाही. अधिकाऱ्याचे कर्तव्य त्याच्या कामात आहे, पानात नाही. जो घरी वरणभात खातो पण गरिबाचा अर्ज त्याच दिवशी निकालात काढतो, तो शतपटीने बरा. बासीचे गोडवे गाणारा पण हाताखालच्यांना तिष्ठत ठेवणारा काय कामाचा? हे अगदी खरे. अन्नाची सलगी ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही. परंतु दोन गोष्टींपैकी एक मोठी असली म्हणून दुसरी शून्य होत नाही. माणसाच्या अन्नाविषयीची तुच्छता फार दिवस अन्नापुरती राहत नाही. मेक्सिकोत स्पॅनिश लोक आले तेव्हा गहू हे सभ्यांचे आणि मका हे तेथल्या मूळ रहिवाशांचे अन्न ठरले. 1899 साली त्याच देशातल्या फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या लेखकाने गहू, तांदूळ आणि मका खाणारे असे मानवजातीचे तीन वर्ग पाडले आणि प्रगती गहू खाणाऱ्यांच्याच वाट्याला दिली. ताटावरून माणसाची लायकी ठरली! पुढे 2010 साली युनेस्कोने त्याच मक्याच्या पाकपरंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले. पण कानकूनसारख्या, सरकारने 1970 पासून आखून वसविलेल्या समुद्रकाठच्या विलासनगरीत मक्याच्या भाकरीचे कौतुक करणारा प्रवासी आणि ती घडविणाऱ्या वंशातला माया कामगार यांची गाठ पडते ती बहुधा चाकर आणि गिऱ्हाईक म्हणूनच. तिरस्काराच्या जागी कौतुक आले. अंतर तसेच राहिले.

मग योग्य वागणे कोणते? आपल्या परंपरेत याविषयी एक मार्मिक प्रसंग आहे. शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेलेल्या श्रीकृष्णाने दुर्योधनाच्या घरचे भोजन नाकारले आणि विदुराकडे तो जेवला. दुसऱ्याचे अन्न प्रेम असेल तर खावे, किंवा संकट असेल तर, अशा आशयाचे कारण त्याने दिले. आणि दुर्योधनाकडे प्रेम नव्हते, कृष्णावर संकट नव्हते. तोही एका अर्थाने नेमणुकीवर आलेला माणूस होता. त्याने पाहिले ते पदार्थाकडे नव्हे, हाताकडे. मी त्या दुपारी नेमके उलट केले. भांड्याकडे पाहिले, हात पाहिलाच नाही. आणि एवढे करून, कंत्राटदारांच्या कृपेने सजलेल्या किती मेजवान्यांना मी सेवाकाळात 'टाळता आले नाही' म्हणून बसलो, हे आठवले की मान खाली जाते.

म्हणून माझे मत आता असे झाले आहे. परक्या मुलखातले सारे काही खाल्लेच पाहिजे, असा काही धर्म नाही. ज्याला पथ्य आहे, ज्याचे व्रत आहे, त्याने नम्रपणे नको म्हणावे. खरे कारण सांगून म्हटलेले 'नको' कोणाचा अपमान करीत नाही. पण किळस आणि प्रतिष्ठा यांना पथ्याची वस्त्रे नेसवू नयेत. आणि जे चाखले, त्याच्यामागचा माणूस शोधावा : ही भाजी कोणी खुडली, हा तांदूळ कोणत्या भावाने गेला, आणि त्या शेतकऱ्याचा एखादा कागद माझ्या मेजावर तर पडून नाही ना? हा शेवटचा प्रश्न विचारला गेला, तर अन्नाचे नाते कर्तव्यापासून वेगळे उरत नाही.

त्या शिपायाच्या गावी मी 2022 च्या पावसाळ्यात जाऊन आलो. म्हातारी वारली होती. मुलगा सेवानिवृत्त होऊन शेती पाहत होता. त्याला ती दुपार आठवत होती की नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याचा मला अधिकार नव्हता. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्याच्या सुनेने गरम भात, डाळ आणि लाल भाजी वाढली. मी बासी मागितली असती तर त्यांनी दिली असती. परंतु पाहुण्यासाठी मुद्दाम गरम रांधलेले सोडून शिळे मागणे, हाही एक तोराच झाला असता. जे वाढले ते मी जेवलो. भाजीत मीठ किंचित कमी होते. सुनेने ते ओळखले आणि चिमूटभर आणून पानात वाढले.