एडिसनचा जमाखर्च

टॉमस आल्वा एडिसनचे नाव निघाले की विजेचा दिवा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु उद्योगाची वाट धरू पाहणाऱ्या तरुणाने त्या दिव्याहूनही त्याच्या हिशेबाकडे अधिक निरखून पाहावे, असे मला मनापासून वाटते. 1869 साली मतनोंदणीच्या यंत्राचे पेटंट त्याला मिळाले. पण मतदानातील दिरंगाई हेच ज्यांचे शस्त्र, त्या लोकप्रतिनिधींना ते नकोसे झाले, आणि ज्याला गिऱ्हाईक नाही अशा वस्तूच्या मागे पुन्हा लागावयाचे नाही, असा त्याने निर्धार केला. म्हणूनच पुढे दिव्याचा विचार करताना त्याने गॅसच्या दिव्यांचा खर्च तपासला, तांब्याचा भाव पाहिला आणि तारा बारीक ठेवता याव्यात यासाठी विद्युत्प्रवाहास अधिक विरोध करणारा तंतू शोधला. शाळेत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. 1882 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा जनित्रे आणि जमिनीखालील तारा तर सिद्ध होत्याच, शिवाय द्रावणात बुडविलेल्या जस्ताच्या पत्र्यांचे वजन करून प्रत्येक गिऱ्हाइकाचे बिल आकारण्याची तजवीजही त्याने करून ठेविली होती.