फळी निवडताना

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाइनच्या फळ्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, माप सांगतं आणि वरवरच्या फळ्या टेम्पोत टाकून निघून जातं. पुढे पावसाळ्यात शेल्फला बाक येतो, दार पिळतं, आणि बोल लागतो तो लाकडाला. पाइन म्हणजे खोक्याचं लाकूड, घ्यायचं तर सागवानच घ्यावं! हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. पाइन हलकं आणि मऊ असतं, रंध्याखाली भराभर साफ होतं, आणि जिथे शोभेल तिथे वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं. फक्त ते पारखून घ्यावं लागतं.

पारख सुरू होते गाठीपासून. गाठ म्हणजे खोडात दडलेलं फांदीचं बूड. फांदी जिवंत असताना खोड वाढलं असेल, तर तिचे धागे खोडाच्या धाग्यांत मिसळून जातात. अशी गाठ तांबूस, घट्ट असते आणि फळीत पक्की राहते. फांदी आधीच वाळून गेली आणि खोड तिच्याभोवती वाढत राहिलं, तर गाठीभोवती काळं कडं दिसतं. लाकूड सुकलं की ही गाठ सैल होते आणि एक दिवस निखळून भोक पडतं. म्हणून गाठ दिसली की फळी लगेच बाजूला टाकू नये. अंगठ्याने दाबून पाहावी, कडं आहे का ते बघावं. वजन पेलणाऱ्या फळीच्या काठावरची मोठी गाठ मात्र नकोच, कारण फळी मोडली तर तिथेच मोडते.

बिनगाठीच्या फळीमागे तर कुणाचे तरी कष्ट असतात. रेडिआटा पाइन मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, पण त्याची मोठी लागवड न्यूझीलंडमध्ये आहे. तिथे झाडं कोवळी असतानाच खालच्या फांद्या टप्प्याटप्प्याने सुमारे सहा मीटर उंचीपर्यंत छाटतात, म्हणजे त्यानंतर चढणारं लाकूड बिनगाठीचं होतं. तोड होते ती साधारण अठ्ठावीस वर्षांनी. अशा लाकडाचे ओंडके कांडला बंदरात उतरतात, गांधीधामच्या सॉ-मिलमध्ये चिरले जातात. ज्याने फांदी छाटली त्याचं काम आपल्या हाती यायला पाव शतक लागतं. ते पाहायला पाच मिनिटंही न देणं मला बरं वाटत नाही.

मग फळीचं टोक पाहावं. तिथे वर्तुळं दिसतात. खोडाच्या अगदी मधला ठिपका फळीत आला असेल, तर ती पिळण्याची आणि चिरण्याची शक्यता जास्त. वर्तुळं जितकी दाट, तितकं लाकूड बहुधा भरीव. नंतर फळीचं एक टोक डोळ्याजवळ धरून, दुसरा डोळा मिटून काठावरून नजर टाकावी. बाक असो की पीळ, लगेच कळतो.

ओल मात्र डोळ्यांना दिसत नाही. पाइनमधली ओल तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागली की लाकूड आकसायला लागतं, म्हणून ओलं लाकूड घरी आणणं म्हणजे आकसणं घरी आणणं. एकाच मापाच्या दोन फळ्या हातात तोलून पाहाव्यात, फारच जड लागेल ती सोडावी. पॅलेटच्या लाकडावर 'एचटी'चा शिक्का असतो. त्याचा अर्थ इतकाच, की किडीसाठी ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं आहे. ते सुकवलं आहे असा नाही. 'एमबी' शिक्का असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते लाकूड मुलांच्या खेळण्याला किंवा पलंगाला वापरू नये. आणि वाळवीपुढे साधं पाइन टिकत नाही. जमिनीला टेकणाऱ्या किंवा ओल लागणाऱ्या जागी प्रक्रिया केलेलंच घ्यावं.

वखारवाल्याला विचारून थप्पी उलटा, एकेक फळी पाहा आणि पाहून झाल्यावर थप्पी पुन्हा नीट रचून द्या. निवडलेल्या फळ्या, जिथे वस्तू ठेवायची त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून पंधरा दिवस आडव्या पडू द्या. करवत त्यानंतर लावा.