वीस जणांचे ऋण

खोटे बोलणे वाईट, हे शाळेत शिकवावे लागत नाही. पोर ते घरूनच शिकून येते, आणि खोटे बोलायलाही घरूनच शिकून येते. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. खोट्यात नेमके वाईट काय आहे? मी मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली, आणि तेव्हापासून मुलांकडून मुक्तहस्त रेषा काढून घेत आलो आहे. नीतिशास्त्र अभ्यासाचा विषय म्हणून माझ्या वाट्याला कधी आले नाही. परंतु शाळा सुटल्यावर मी कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबरीकार हा वाचकाच्या संमतीने खोटे सांगणारा माणूस असतो. तेव्हा संमतीने केलेली फसवणूक ही फसवणूक असते काय, या प्रश्नात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

या प्रश्नाकडे मला ओढून नेले ते एका वैद्यकीय प्रयोगाने. हात कापण्याचा एक आजार आहे. डॉक्टर त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. आपल्याला ठाऊक असलेला कंपवात तो हा नव्हे. कंपवातात हात मांडीवर स्वस्थ पडला असतानाच कापू लागतो. या आजारात मांडीवरचा हात अगदी शांत असतो, आणि कामाला लावला की कापतो. घास तोंडाशी नेताना, पेल्यात पाणी ओतताना, सुईत दोरा ओवताना, सही करताना. पुष्कळदा तो घराण्यातून चालत येतो. आमच्या मामांना तो होता. पंक्तीत ते वाटी उचलीत नसत आणि चार माणसांत चहा मिळाला तर ‘आत्ताच झाला’ म्हणून नाकारीत, कारण कपबशीचा खडखडाट साऱ्या ओटीला ऐकू जाई. बँकेत त्यांची सही जुळत नसे. मामा घेतात, असे लोक मागे बोलत. गंमत अशी, की या आजारात थोडे मद्य घेतले तर हात घटकाभर स्थिर होतो. मामांनी ते कधी घेतले नाही, म्हणूनच हात कापत राहिला. आपली भाषाही अशा माणसाच्या बाजूने उभी राहत नाही. हात कापतो तो चोराचा, भित्र्याचा किंवा रागावलेल्याचा, असेच तिला वाटते.

यावर औषधे आहेत. प्रोप्रॅनोलोल नावाचे, मूळचे हृदयाच्या विकारासाठी निघालेले औषध काहींना लागू पडते, काहींना पडत नाही. ज्यांना पडत नाही त्यांच्या मेंदूतच काही करावे लागते. मेंदूच्या पोटात थॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीराच्या हालचालींचे निरोप तिथून जातात. त्यातल्या एका लहानशा जागी कंपाची लय धरून बसलेली असते. पूर्वी कवटीला भोक पाडून ती जागा जाळीत. 1987 साली फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे डॉ. बेनाबिद यांनी तिथे तार ठेवून विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने कंप आवरण्याची रीत सुरू केली. भोक मात्र तिथेही पाडावेच लागते.

भोकाशिवाय काम साधते ते ध्वनीने. लहानपणी आपण सर्वांनी भिंगातून उन्हाचा ठिपका धरून कागद जाळलेला असतो. तोच हा प्रकार. फक्त उन्हाऐवजी कानाला ऐकू न येणारा ध्वनी. 1950 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी ध्वनीचे झोत मेंदूतल्या एका बिंदूवर आणण्याचे तंत्र बसवले होते. पण हाड ध्वनीला अडवते, म्हणून त्या काळी कवटीचा तुकडा काढावा लागे. आता डोक्यावर जे शिरस्त्राण चढवतात त्यात ध्वनी सोडणारे 1024 घटक असतात. कवटी कुठे जाड, कुठे पातळ, त्याचा हिशेब करून यंत्र प्रत्येक झोताची वेळ जुळवून घेते. एकेकटा झोत वाटेतल्या मेंदूला काही करीत नाही; सारे एकत्र येतात त्या बिंदूवर मात्र ऊब चढत जाते, आणि 55–60 अंशांच्या घरात पोचली की काही मिलिमीटरचा तेवढा ठिपका कायमचा निकामी होतो. रोग्याचे सारे डोके भादरतात, त्यावर चौकट स्क्रूंनी आवळतात, टाळू आणि शिरस्त्राण यांच्यामध्ये थंड पाणी खेळवतात आणि त्याला एमआरआयच्या नळीत सरकवतात. तो जागा असतो. मधूनमधून त्याला थांबवून कागदावर रेघ काढायला सांगतात, चकलीसारखी आतून बाहेर वळत जाणारी. आधीच्या चकलीला नुसते काटे असतात. होता होता रेषा मऊ वळू लागते. चित्रकलेच्या मास्तराला हे वाचून काय वाटले असेल, ते वाचकांनीच ताडावे.

आता मूळ मुद्दा. ही रेषा ध्वनीने सरळ केली, की आशेने? शंका पोकळ नाही. हा कंप मनाच्या ताणाने वाढतो आणि मन निवांत असले की उतरतो. एवढे मोठे यंत्र, एवढे मोठे डॉक्टर, एवढा खटाटोप. तेवढ्यानेच हात निवला नसेल कशावरून? हे ठरवायला अमेरिका, कॅनडा, कोरिया व जपान येथील आठ रुग्णालयांत 76 माणसांवर एक प्रयोग झाला. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. जेफ्री एलायस त्याचे प्रमुख होते, आणि 2016 साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसे वाटली गेली. 56 जणांना खरा उपचार मिळाला. उरलेल्या वीस जणांचीही डोकी भादरली, चौकट आवळली, त्यांनाही त्या नळीत निजवले. फक्त ध्वनी सोडला नाही. तीन महिने त्यांना काही सांगितले नाही. त्यांच्या हातांची चित्रफीत पाहून गुण देणाऱ्या डॉक्टरांनाही कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते.

त्या वीस जणांपाशी माझे मन अडकले. ज्याला सांगायचे त्यालाच, त्याच्याच शरीराविषयी, जाणूनबुजून खोटे भासवायचे, ही गोष्ट कोणत्या नीतीत बसते?

असले नाटक वैद्यकाने पूर्वीही केलेले आहे. 1959 साली अमेरिकेत डॉ. लेनर्ड कॉब यांनी छातीत कळा येणाऱ्या सतरा रोग्यांवर एक प्रयोग केला. छातीतली एक धमनी बांधली की हृदयाला रक्त जास्त मिळते, अशा समजुतीने एक ऑपरेशन तेव्हा जोरात चालू होते. कॉब यांनी आठ जणांची धमनी बांधली. नऊ जणांची नुसती कातडी कापली आणि शिवून टाकली. आराम दोन्हीकडे सारखाच पडला, आणि ते ऑपरेशन बंद पडले. पुढे हजारोंची छाती वाचली. परंतु ऑपरेशनचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही एवढेच त्या रोग्यांना सांगितले होते; आपल्यापैकी काहींची नुसती कातडीच कापली जाईल, हे सांगितले नव्हते.

खोट्यातले वाईट म्हणजे काय, हे मला या दोन प्रयोगांच्या मधल्या अंतरात दिसते. महाभारतात अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला जातो, आणि द्रोण युधिष्ठिराला विचारतात, कारण युधिष्ठिर खोटे बोलणार नाही असा त्यांचा भरवसा असतो. धर्मराज खरे तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, आणि द्रोण शस्त्र खाली ठेवतात. आपण आपल्या मनाने शस्त्र ठेवले, असे द्रोणांना वाटले. वस्तुतः तो निर्णय त्यांच्या हातून कोणी काढून घेतलेला होता. खोटे ही एक चोरी आहे, आणि तिच्यात चोरीला जातो तो दुसऱ्याचा निर्णय. समजा, आदल्या रात्री पांडवांचा दूत द्रोणांकडे गेला असता आणि म्हणाला असता, “आचार्य, उद्या आमच्याकडून चार बातम्या येतील, त्यांतली एक खोटी असेल, कोणती ते सांगणार नाही, चालेल काय?” तर धर्मराजाचा रथ जमिनीवर टेकला नसता. द्रोणांनीही शस्त्र ठेवले नसते, ही गोष्ट वेगळी.

2016 च्या प्रयोगात तो दूत आधी पाठवलेला होता. साधारण चारांतल्या एकाला काहीच मिळणार नाही, हे 76 जणांना ठाऊक होते आणि त्यांनी मान्य केले होते. कॉब यांच्या नऊ जणांचा निर्णय चोरीला गेला. या वीस जणांचा गेला नाही. इथवर माझ्या मनाचे समाधान होते.

इथे थांबणे सोयीचे आहे, पण खरे नाही. सावकाराच्या कागदावर उठलेल्या अंगठ्यांचा इतिहास आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. तेही संमतीचेच अंगठे होते. ज्याचा घास ताटातून तोंडापर्यंत पोचेपर्यंत निम्मा सांडतो, ज्याच्या औषधांनी हात टेकले आहेत, त्याला तुम्ही चारांत तीन अशी संधी देऊ केली तर तो नाही कसा म्हणेल? ज्या सहीने त्याने होकार दिला ती सहीसुद्धा त्याच्या कापऱ्या हाताची. गरजवंताची संमती खोटी असते असे मी म्हणत नाही. गरजवंताला अक्कल नसते, या म्हणीइतकी निर्दय म्हण आपल्याकडे दुसरी नसेल. परंतु ती संमती हिशेब चुकता करीत नाही. ती चोरीचे रूपांतर कर्जात करते, एवढेच. घेणाऱ्याने मागून घेतले, देणाऱ्याने समजून दिले. आता ते फेडायचे आहे.

त्यांनी दिले तरी काय? थोडे केस, चौकटीच्या स्क्रूंची कळ, नळीतले ते तास. आणि तीन महिन्यांची आशा, जिचा भाव कुणी ठरवायचा? त्यांच्या हातांना आधी 32 पैकी सरासरी 16 गुण होते. इथे जितके गुण जास्त तितका कंप जास्त. तीन महिन्यांनी ते 15.8 झाले, म्हणजे हात होता तिथेच राहिला. खऱ्या उपचाराच्या गटाचे गुण 18.1 वरून 9.6 वर उतरले. आशेने हात थांबत नाही, ध्वनीने थांबतो, हे त्या वीस जणांच्या न सुधारलेल्या हातांनी सिद्ध केले. ते नसते, तर छप्पन्न जणांच्या सुधारणेवर कोणी विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते.

हे ऋण फेडायचे कसे? तीन महिन्यांनंतर त्या वीस जणांना खरा उपचार घेण्याची मुभा होती; ते व्याज म्हणावे. मुद्दलाची फेड आपल्या परंपरेने ऋषिऋणासाठी सांगितली आहे तशीच व्हायची. ऋषींना परत काही देता येत नाही. त्यांच्याकडून आलेले ज्ञान न बिघडवता पुढच्याला द्यायचे, एवढेच करता येते. या वीस जणांकडून आले ते एक सत्य आहे, आणि ते त्याच्या साऱ्या काट्यांसकट पुढे जायला हवे. 18.1 चे 9.6 होणे म्हणजे कंप निम्म्याच्या आसपास कमी होणे. ‘कंप नाहीसा झाला’ असे जो म्हणेल तो या वीस जणांची उधारी बुडवतो. खरा उपचार घेतलेल्यांपैकी 36 टक्क्यांच्या चालण्यात बिघाड झाला, 38 टक्क्यांना मुंग्या किंवा बधिरपणा आला. वर्षानंतरही ते अनुक्रमे 9 आणि 14 टक्क्यांत उरलेच होते. प्रयोग एकाच हातापुरता होता. काहींची कवटीच अशी असते की ध्वनी तिच्यातून नीट जात नाही. अशांना पहिल्याच भेटीत नाही म्हणून सांगायचे असते. आणि चिरा नाही, टाका नाही, म्हणून यात काही तोडलेच नाही, असे कुणाला वाटू देऊ नये. मेंदूचा एक ठिपका जातो, तो परत येत नाही.

अमेरिकेच्या सरकारने 2016 च्या जुलैमध्ये एका बाजूसाठी या उपचाराला परवानगी दिली, आणि 2022 च्या डिसेंबरात, काही महिन्यांचे अंतर ठेवून, दुसऱ्या बाजूसाठीही. आता यंत्र बनवणारे आहेत, विकणारे आहेत, जाहिरात लिहिणारे आहेत. त्यांतल्या प्रत्येकाच्या खात्यावर त्या वीस जणांचे नाव लागले आहे. संमतीने बोललेले खोटे माफ होत नसते. ते सत्याच्या नाण्यात परत करायच्या अटीवर उसने मिळालेले असते. कादंबरीकाराचेही तेच आहे. वाचक मला तीनशे पाने खोटे बोलू देतो, आणि शेवटी माणसाविषयी एखादी तरी खरी गोष्ट मागतो. ती मला देता आली नाही तर मी त्याला नुसतेच फसवलेले असते.

आमच्या वर्गात ज्याची रेषा सरळ येते त्याचा कागद भिंतीवर लागतो. या प्रयोगाचे कागद लावायची पाळी माझ्यावर आली असती, तर छप्पन्न जणांच्या मऊ वळणाच्या चकल्यांशेजारी मी त्या वीस जणांच्या काटेरी चकल्याही तितक्याच उंचीवर लावल्या असत्या. त्यांच्यामुळेच बाकीच्यांची रेषा खरी ठरली आहे.