भाकीत आणि प्रारब्ध
रक्ताच्या कर्करोगात डॉक्टर करतात ते भाकीत म्हणजे प्रारब्ध नव्हे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी १९८४ साली सोकल गुणांक आला. वय, प्लीहेचा आकार, प्लेटलेट आणि रक्तातल्या अपक्व पेशी यांवरून तो जोखीम ठरवी. २००१ साली अमेरिकेत या आजारावरच्या इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली आणि ‘जास्त जोखीम’ गटातलेही बरेच रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. कोणी म्हणेल, ती गोळीही प्रारब्धातच होती. पण काहीही घडले तरी जी खरीच ठरते, ती कल्पना आधी काहीच सांगत नाही. गुणांक निदान चुकू तरी शकतो! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकडा गटाचा असतो, मरण एकट्याचे. हे मान्यच. म्हणून अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाचा धोका पत्करावा का, हे ठरवताना आकडा जरूर पाहावा. आपले किती दिवस उरले, हे मात्र त्याला विचारू नये.