साक्षीदार घरचाच हवा

अवयवदानाचा अर्ज भरला, पाकिटात कार्ड आलं, की आपलं काम झालं असं माणसाला वाटतं. ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनी संकल्पांचे आकडे छापून येतात, टाळ्या पडतात. पण नुसत्या कार्डावर कोणी अवयव काढून नेत नाही.

खरी वेळ येते ती अतिदक्षता विभागाच्या दारात. डोक्याला मार लागलेला पेशंट. अंग गरम, व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर हृदय चालू. आणि डॉक्टर म्हणतात, ‘ते गेले.’ कोणाचा विश्वास बसेल? डोळ्यांत बॅटरी मारून, कानात थंड पाणी सोडून, शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून तो आपणहून श्वास घेतो का ते पाहतात. किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा होतं. मग चार डॉक्टर मेंदूमृत्यूवर सह्या करतात. कोमातला माणूस परत येऊ शकतो, हा नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला हा फरक त्याच रात्री पहिल्यांदा कळत असतो. तेवढ्यात प्रत्यारोपण समन्वयक येऊन अवयव देणार का, असं विचारते. थोरले काका म्हणतात, थांबा. पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल, असंही कोणी पुटपुटतं. ‘नको’ म्हणणं सोपं. त्याचा जाब कोणी मागत नाही.

स्पेनमध्ये १९७९च्या कायद्याने नकार न नोंदवलेला प्रत्येक जण दाता धरला जातो. तरी तिथेही घरच्यांना विचारतातच. तो देश पुढे गेला तो मुख्यतः १९८९नंतर रुग्णालयांत उभ्या केलेल्या समन्वयक डॉक्टरांच्या बळावर.

आपल्या १९९४च्या कायद्यात लेखी संकल्पाला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक तरी जवळचा नातेवाईक हवा. ही अट लिहिणाऱ्याला आपली घरं चांगलीच ठाऊक असावीत! आता अवयवदानाचं काम पाहणाऱ्या ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवर आधार क्रमांक टाकून घरबसल्या नोंदणी होते. सोय उत्तमच, ती जरूर वापरा. पण शेजारच्या खोलीत पत्ता नसेल, तर ऐन वेळी ती नोंद कोण काढून दाखवणार? नेत्रदानाचंही तेच: माणूस घरी गेला, तर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो.

जेवताना विषय काढलात तर आई म्हणेल, ‘शुभ बोल रे नाऱ्या!’ म्हणू दे. तिला शेजारी बसवूनच अर्ज भरा. ‘डोळे, मूत्रपिंडं, यकृत, चालेल ते द्या,’ हे तुमच्या तोंडून ऐकलेलं असलं, की काकांना काय सांगायचं ते तिला माहीत असेल.